कुंभाराचे गाढव आणि बाणगंगेच्या पायऱ्या

आजच्या विषयाला मी आधी ‘कारण कशाला म्हणावे’ असे नाव सुचवले होते. संयोजक म्हणाले, सर, अशा नावाला अंबरनाथ-बदलापुरातून संध्याकाळच्या लोकलने दमून आलेला माणूस येणार नाही. त्यांचे बरोबर होते. म्हणून आज आपण एका तलावाच्या पायऱ्यांबद्दल बोलू. कारणाचा प्रश्न त्यातून आपोआप निघेल.

जून २०२४ चा शेवटचा आठवडा. मुंबईत वाळकेश्वरला बाणगंगा तलाव आहे, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तलावात झऱ्याचे गोडे पाणी. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने तो ११२७ मध्ये बांधला असे सांगतात. राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले हे स्मारक. देखभाल गौड सारस्वत ब्राह्मण टेंपल ट्रस्टकडे, आणि पुनरुज्जीवनाचे काम मुंबई महापालिकेकडे. त्या कामात गाळ काढायचा होता. गाळ काढायला कंत्राटदाराने उत्खनन यंत्र, म्हणजे आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो त्या जातीचे, थेट पायऱ्यांवरून तलावात उतरवले. लोखंडी पट्ट्यांवर चालणारे ते धूड. कित्येक शतके माणसांच्या अनवाणी पावलांनी झिजलेला दगड त्याच्याखाली फुटला. चित्रफिती फिरल्या, बातम्या आल्या, महापालिकेने कंत्राटदाराला नोटीस काढली, पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

आणि मग वाद सुरू झाला. आज मला टीका करायची आहे ती त्या वादावर. पायऱ्या फुटल्या हे वाईट झाले, त्यावर दोन मते नाहीत. पण फुटलेल्या पायरीवर उभे राहून आपण जे बोललो, त्याने पुढची पायरी फुटण्याची सोय करून ठेवली असे माझे म्हणणे आहे.

सत्ताधारी बाजूचा सूर असा: कंत्राटदार बेजबाबदार, त्याच्यावर कडक कारवाई होईल. विरोधी बाजूचा सूर असा: हे सरकारच बेजबाबदार, यांना वारशाची चाड नाही. प्रशासनाचा सूर असा: आम्ही अशी परवानगी दिलीच नव्हती. तीन सूर, आणि तिघांचे बोट दुसरीकडे. मलबार हिलचे आमदार तेव्हा राज्यात मंत्री होते. महापालिका मार्च २०२२ पासून राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होती. म्हणजे सत्ताधाऱ्यांनी महापालिकेकडे जाब मागितला तरी तो आरशात बघून विचारण्यासारखा प्रकार होता. विरोधकांचेही सोपे होते. ज्या महापालिकेवर त्यांनी पंचवीस वर्षे राज्य केले, तिथे स्मारकाच्या कामाचे नियम कसे बनत गेले, निविदा कशा लिहिल्या जात, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारल्याचे मला तरी दिसले नाही.

आता भाषेकडे बघा. वाद ऐकताना मी वाक्ये टिपत होतो. ‘पायऱ्या तुटल्या.’ ‘नुकसान झाले.’ ‘चूक घडली.’ आपल्यापैकी ज्यांनी शाळेत प्रयोग शिकलेत, कर्तरी, कर्मणी, भावे, त्यांनी आठवून सांगा: ‘पायऱ्या तुटल्या’ या वाक्यात कर्ता कोण? पायऱ्या! व्याकरणाच्या दृष्टीने पायऱ्यांनीच काहीतरी केले. ‘तोडणे’ म्हटले की तोडणारा सांगावा लागतो, ‘तुटणे’ म्हटले की सुटका. मराठीने ही सोय आपल्याला दिली आहे. कप फोडणारे मूलसुद्धा ‘आई, कप फुटला’ असेच म्हणते. त्या मुलाला आपण रागावतो. प्रशासनाचे प्रसिद्धिपत्रक मात्र तसेच्या तसे छापतो.

पण नुसता कर्ता शोधून भागत नाही, आणि इथे मला आपल्या जुन्या नैयायिकांना बोलवावेसे वाटते. चाळीसेक वर्षे वर्गात त्यांना शिकवले, निवृत्तीनंतरही ते सोडत नाहीत. नैयायिकांचे लाडके उदाहरण म्हणजे घट, साधे मातीचे मडके. मडक्याचे कारण काय? माती, कुंभार, चाक, चाक फिरवायची काठी. इथपर्यंत ठीक. मग ते विचारतात, मडके होण्याआधी आणखीही पुष्कळ गोष्टी तिथे हजर होत्या, त्यांचे काय? काठीचा रंग होता. आकाश होते. कुंभाराचा बाप होता, कारण बाप नसता तर कुंभार कुठून येणार? आणि ज्याच्या पाठीवरून माती आली ते गाढव होते. ही सगळी कारणे म्हणायची का? नाही, असे ते म्हणतात. यांना त्यांनी एक नाव दिले आहे: अन्यथासिद्ध. म्हणजे जे कार्याच्या आधी हजर असते, पण ज्याच्याशिवायही कार्य झालेच असते, किंवा ज्याला वेगळे मोजायची गरज नाही. विश्वनाथ न्यायपंचाननांच्या ग्रंथात अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि पाचवे आपले गाढव. माती गाढवानेच आणली पाहिजे असे नाही. बैलगाडीने आली असती, कुंभाराच्या बायकोने डोक्यावरून आणली असती. मडके झालेच असते.

गंमत वाटते ना? आता हे सार्वजनिक कामांना लावून बघा. भूमिपूजनाच्या दिवशी प्रत्येक जण कुंभार असतो. फलकावर जागा पुरत नाही. ज्याच्या काळात नुसती कल्पना निघाली तो म्हणतो, योजना मूळ आमची. तो कुंभाराचा बाप. ज्याच्या काळात निधी मंजूर झाला तो म्हणतो, पैसा आम्ही आणला. आणि ज्या दिवशी मडके फुटते त्या दिवशी हे सगळे एकदम अन्यथासिद्ध होतात. कोणी काठीचा रंग होतो, कोणी आकाश होतो. ‘मी तिथे होतो, पण माझा संबंध नाही.’ उरतो एकटा कंत्राटदार. राजकीय वाद म्हणून जे चालते ते खरे म्हणजे हेच असते: कोणाला अन्यथासिद्ध ठरवायचे याची मारामारी.

मग कंत्राटदार हा खरा कर्ता, की गाढव? नैयायिकांची कसोटी लावू. त्याच्या जागी दुसरा कंत्राटदार असता तर काय झाले असते? आपल्याकडे गाळ काढण्याचे काम सर्वसाधारणपणे कसे दिले जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. गाळ किती काढला यावर पैसे, दर सगळ्यात कमी त्याला काम, आणि पाऊस डोक्यावर. या तीन अटी एकत्र आल्या की माणसे लावून, पाट्या भरून, शंभर पायऱ्या चढउतार करून गाळ काढणारा कंत्राटदार त्या कामात टिकतच नाही. यंत्र घेऊन येणाराच टिकतो. तेव्हा ‘हा नसता तर दुसरा आला असता, आणि त्यानेही यंत्रच उतरवले असते’ असे जर खरे असेल, तर न्यायाच्या भाषेत हा कंत्राटदार बराचसा गाढवाच्या जागी येतो. त्याला काळ्या यादीत टाकले, शिक्षा केली, तरी कारण जागच्या जागी राहते.

थांबा, मी कंत्राटदाराचे वकीलपत्र घेतलेले नाही. गाढवाला पायरी दिसत नाही असे नाही, पण ही पायरी नऊशे वर्षांची आहे हे त्याला कळत नाही. कंत्राटदाराला कळते. त्याने करारावर सही केलेली असते, आपण संरक्षित स्मारकात आहोत हे त्याला माहीत असते. म्हणून तो पुरता अन्यथासिद्ध होऊ शकत नाही. नैयायिक मडक्याचा विचार करत होते, दोषाचा नव्हे. आणि दोषाला जाणीव लागते. माझे म्हणणे एवढेच, की त्याच्यावर गुन्हा दाखल झाला म्हणजे उत्तर मिळाले असे वाटून वाद तिथे संपला. त्या दिवशी तलावाच्या काठावर महापालिकेचा कोणता अभियंता हजर असायला हवा होता? पुरातत्त्व खात्याचा माणूस कामावर लक्ष ठेवायला नेमला होता का? यंत्र एका क्षणात उडत तलावात उतरत नाही. ते ट्रकवरून वाळकेश्वरच्या अरुंद गल्लीत येते, उतरवले जाते, वळवले जाते. तेवढ्या वेळात ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार आणि कर्तव्य ज्याचे होते, तो माणूस कोण? त्याचे नाव मला सत्ताधाऱ्यांच्या बोलण्यात सापडले नाही, विरोधकांच्याही नाही. नगरसेवक असते तर निदान प्रभागातला एक चेहरा तरी लोकांना माहीत असता, त्याच्या दारात जाऊन उभे राहता आले असते. प्रशासकाच्या राज्यात तेही नव्हते.

जाता जाता एक सांगतो. बाणगंगेला लागून जे वाळकेश्वराचे देऊळ आहे, ते १७१५ च्या सुमारास रामा कामती यांच्या देणगीतून पुन्हा उभे राहिले. पुढे पाचच वर्षांत, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून याच कामतींवर इंग्रजांनी खटला चालवला, मालमत्ता जप्त केली, कैदेत टाकले. ते कैदेतच वारले. पुरावा बनावट होता हे नंतर उघड झाले. पटकन एक माणूस पकडून प्रकरण बंद करण्याची घाई त्या परिसराला नवी नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे आपल्याकडचेच रडगाणे आहे. बाहेर बघा, तिकडे कसे नीट करतात. चला, बघू. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर तो लांबलचक तलाव आहे, ज्यात स्मारकाचे प्रतिबिंब पडते. १९६३ साली मार्टिन ल्यूथर किंग बोलले तेव्हा त्याच्या दोन्ही काठांवर माणसे उभी होती. हा तलाव दलदलीच्या भरावावर बांधलेला. तो खचत होता, गळत होता, आणि शहराचे पिण्याचे पाणी त्यात ओतावे लागत होते. २०१० ते २०१२ या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. ओबामा सरकारच्या २००९ च्या आर्थिक पॅकेजातून सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर खर्च झाले. खाली लाकडी खांब ठोकले, नवा तळ घातला, पिण्याच्या पाण्याऐवजी जवळच्या टायडल बेसिनचे पाणी गाळून वापरायची व्यवस्था केली. ऑगस्टच्या अखेरीस तलाव खुला झाला. आणि काही आठवड्यांत तो हिरवागार! शेवाळ. पुन्हा पाणी सोडून द्या, घासून काढा. वर्ष निवडणुकीचे, टिंगल करणाऱ्यांना आयते खाद्य.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण तिथे दगड कोणीच फोडला नव्हता. अभियंत्यांनी गळती थांबवली होती. पाणी वाचवायचा हेतू चांगला होता. पण पाणी बदलले की पाण्यातले जीवन बदलते, एवढी एक गोष्ट हिशेबात कमी पडली. बाणगंगेला बेफिकिरी नडली, तिथे तलावाला वस्तू समजणे नडले. तलाव म्हणजे बांधकाम अधिक पाणी, असा जर हिशेब मांडला तर दर वेळी काहीतरी निसटणारच. बाणगंगेत पितृपक्षात लोक पिंड सोडतात, अन्न सोडतात, आणि नंतर मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात. तिथे तर कंत्राटदारही नाही. तिथे आपणच आहोत, आणि आपण स्वतःला आकाशात बसवून मोकळे.

आता घराकडे येऊ. शिलाहारांचे नाव निघालेच आहे, तर त्यांची मोठी ठेव आपल्याच दारात आहे. अंबरनाथचे शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे १०६० च्या सुमारास, शिलाहार राजा मुम्मुणीच्या, ज्याला शिलालेखात माम्वाणी म्हटले आहे, त्याच्या काळात पुरे झालेले. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून आपण गाभाऱ्यात जातो. शेजारी कुंड आहे आणि पलीकडे वालधुनी. या मंदिराच्या परिसरासाठी शंभर कोटींच्या वरचा सुशोभीकरण प्रकल्प आखला गेला, खासदार डॉ. श्रीकांत शिंदे यांच्या पुढाकाराने. काशी विश्वनाथाच्या धर्तीवर, असे त्याचे वर्णन होत राहिले. पुन्हा तेच: कोणी म्हणते विकास, कोणी म्हणते दिखावा. प्रकल्प वाईट आहे असे मी म्हणत नाही. वाहनतळ हवा, स्वच्छतागृह हवे, महाशिवरात्रीला जी गर्दी लोटते तिला नीट वाट हवी. मला खटकतो तो शब्द.

सुशोभीकरण. शोभा आणणे. मंदिराच्या भिंतीवर जे कोरले आहे ते पाहून ज्याला शोभा आणायची गरज वाटते, त्याच्याशी काय बोलणार? आपल्याकडे यासाठी जुने, वेगवेगळे शब्द आहेत. जीर्णोद्धार म्हणजे पडलेले पुन्हा उभे करणे. डागडुजी म्हणजे गळते तिथे बुजवणे. संवर्धन हा अलीकडचा; आहे ते आहे तसे टिकवणे. प्रत्येकाला वेगळे कौशल्य लागते, वेगळा माणूस लागतो. सुशोभीकरण हा असा शब्द आहे की त्यात दिवे, लाद्या, कारंजे, कमान सगळे मावते, आणि नेमके काय करायचे नाही हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. बाणगंगेच्या कामाला पुनरुज्जीवन म्हटले होते. शब्द केवढा मोठा!

अंबरनाथला निदान एक कुंपण आहे. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय काही नाही. त्यामुळे काम रेंगाळते, म्हणून लोक पुरातत्त्व खात्याला शिव्या घालतात. मी घालणार नाही. १८६८ मध्ये सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडून या मंदिराची मोजमापे, रेखाटने आणि शिल्पांचे साचे करून घेतले. ते परके सरकार होते, त्यांचे हेतू काय होते तो वेगळा विषय. पण आधी मोजले. आज आपल्या कुंडाचा प्रत्येक दगड मोजून, फोटो काढून, क्रमांक घालून ठेवला आहे का, आणि ती नोंद तुम्हा-आम्हाला पाहता येते का? तुटल्यावर ‘पूर्ववत करू’ असे आश्वासन मिळते. पूर्व काय होते हे लिहून ठेवले नसेल, तर वत कशाला लावणार?

आणि पाणी? वालधुनी काकोळ्याच्या बाजूने येते, अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याणकडे जाते. तिच्यात काय काय सोडले गेले ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. तुमच्या नाकाने ते अनेक रात्री सोसले आहे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर ‘वनशक्ती’ संस्थेने दाद मागितली, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितले. एकाला नाही. उद्योगांची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि इथल्या नगरपालिका-महापालिका, अशा अनेकांवर ती रक्कम वाटली. पुढे नदी किती सुधारली ते तुम्ही पुलावरून बघता. पण विचार म्हणून तो आदेश मला महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे कोणालाही आकाश होऊ दिले नाही. एका टँकरवाल्याला पकडून प्रकरण मिटवता आले असते. तसे न करता ज्याचा जेवढा वाटा तेवढे त्याच्या नावावर मांडायचा प्रयत्न झाला. राजकीय वादाला हे जमत नाही, कारण वादाला एकच खलनायक परवडतो. भाषणात टक्केवारी सांगितली की टाळ्या पडत नाहीत.

अंबरनाथच्या त्या शिलालेखाबद्दल एक सांगायचे राहिले. उत्तरेच्या दाराच्या वर तो कोरलेला आहे. त्यात एकट्या राजाचे नाव नाही. त्याच्याबरोबर त्या वेळच्या अमात्याची, सांधिविग्रहिकाची, अशी हुद्द्यांसकट अधिकाऱ्यांची नावे येतात. आजच्या कोनशिलेवरही नावे असतात, तुमच्या-माझ्या परिचयाची. पण ती उद्घाटकाची, प्रमुख पाहुण्याची, विशेष उपस्थितांची. देखरेख कोण करणार, त्या अभियंत्याचे नाव नसते. संवर्धनाचा सल्ला कोणी दिला, त्याचे नसते.

(यानंतर एका श्रोत्याने विचारले: “सर, मग यंत्र वापरायचेच नाही का? माणसांनी किती दिवस गाळ काढायचा?”)

चांगले विचारलेत. वापरा ना. यंत्र पाप नाही. काठावर उभे राहून लांब हाताने गाळ उपसणारी यंत्रे आहेत, पाण्यात तरंगणारी आहेत, पंप आहेत. फक्त ते आधी ठरले पाहिजे, निविदेत लिहिले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे जास्तीचे पैसे मोजले पाहिजेत. स्वस्तात करा असेही म्हणायचे आणि दगडही वाचवा असेही म्हणायचे, हे चालत नाही. तुम्ही अंबरनाथचेच ना? मग माहिती अधिकारात एक साधा अर्ज करा. कुंडाच्या कामाची निविदा मागा, आणि त्यात ‘पायऱ्यांवर वजनदार यंत्र नेऊ नये’ असे एक वाक्य आहे का ते बघा. शुल्क दहा रुपये आहे. उत्तर आले की मला फोन करा, आपण एकत्र बसून वाचू.